कच्चा अर्ज

"तुझं पुढच्या वर्षी बघू."

रंध्याखालून लाकडाची साल निघावी तसा तो आवाज निघायचा, पातळ, वळणदार, थोडा उबदारसुद्धा. त्यात राग नव्हता. नकारही नव्हता. वडील सुतार होते. बोलताना त्यांचा हात थांबत नसे आणि हात चालू असताना मान वर होत नसे. थोरल्या भावाचं कॉलेजचं पत्र आलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि माझं?" तर हे उत्तर मिळालं. धाकट्याचं आलं तेव्हाही हेच. मग पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं आलं, आली तशी गेली, माळावरून घरी निघालेल्या शहाण्या बकऱ्यांसारखी एकामागून एक, आणि एकीनंही हिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. वडील गेले, रंधा थोरल्याकडे गेला, करवती धाकट्याकडे. आवाज तेवढा हिच्या वाटणीला आला.

आता ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि चौकातल्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याला लागून तिचं शिवणकामाचं दुकान होतं. समोर काचेचं दार, आत दोन मशिनं, वाफेची इस्त्री, बिनडोक्याची एक कापडी बाई जिच्यावर अर्धवट कोट चढवलेला असे, आणि मधोमध कापड कापायचं लांबरुंद टेबल. शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून हिला मास्तरीणबाई म्हणत. शाळेतल्या मास्तरणीपेक्षा हिला मान जास्त. शाळेतली नापास करते. ही सुटलेल्या पोटालासुद्धा दोन बोटं कापड सोडून पास करायची.

तिचा एकच नियम होता. कापडाला कात्री लावायच्या आधी कागदाला लावायची. कोट असो की उशीचा अभ्रा, आधी जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापायचा, तो माणसाच्या अंगाला लावून बघायचा, मग पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई, मग पक्की. सव्वीस वर्षांत तिनं एक वीतभर कापड वाया घालवलं नव्हतं. ही सवय दुकानात राहिली असती तर ठीक होतं, पण ती जिना चढून घरात आली होती. नवा फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा तिनं आधी पुठ्ठ्याचा फ्रिज करून स्वयंपाकघरात उभा केला, चार दिवस. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, गल्लीत त्याला लिफ्टवालाच म्हणत. चौथ्या दिवशी त्यानं त्यात पाण्याची बाटली ठेवायला दार शोधलं आणि मग तो किस्सा त्यानं शहरातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये, प्रत्येक मजल्यावर सांगितला.

तर अशा बाईच्या लेकीचा कॉलेजचा अर्ज भरायची वेळ आली.

लेकीला सगळे टाचणी म्हणत. बारीक, चकचकीत, डोकं जरा मोठं, आणि हरवली म्हणून शोधावं तर नेमकी पायाला टोचणारी. अर्ज संगणकावर भरायचा होता, सात पानांचा, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की एकदा पाठवलेल्या अर्जात बदल करता येणार नाही. ते वाक्य वाचून मास्तरीणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. थेट कापडावर कात्री?

"आई, मी भरते ना. त्यात काय आहे?" टाचणी म्हणाली.

"तू भरशीलच गं. मी आधी कागद कापून बघते."

"अर्जाचा कागद?"

"तू परीक्षेचं बघ."

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरचं ऊन काचेतून आत येऊन टेबलावर पसरलं होतं, मोजायला टाकलेल्या कापडासारखं. तिनं दुकानाचा संगणक उघडला आणि स्वतःच्या नावानं सरावाचा एक अर्ज सुरू केला. कुठलं बटण कुठे नेतं, कुठली चौकट हट्टी आहे, हे कळावं एवढ्यासाठीच. फोटो फार मोठा घेत नव्हता. जन्मतारीख उलटी मागत होता. वयाच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कमाल मर्यादा नाही. ते तिनं दोनदा वाचलं. मग गुण विचारले. तिनं काजांच्या दोऱ्यांच्या डब्याखालची जुनी गुणपत्रिका काढली, जी तिथे का ठेवली होती हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. विषय विचारला. तिनं लिहिलं, गणित.

मग आला निबंध. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे?

सरावच तर होता. सरावात खोटं कशाला लिहायचं? ती लिहायला बसली. एका बोटानं, अक्षर शोधत, जशी काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिलाई शोधतात तशी. "कापड सपाट असतं आणि माणूस गोल," असं तिनं सुरू केलं, आणि मान वर केली तेव्हा दोन तास झाले होते आणि बँकेतल्या साहेबांची पँट तशीच पाय पसरून पडली होती.

मशिनवर बसली की ती आपल्यापुरतं काहीतरी गुणगुणत असे, पायाच्या तालावर, जोडून जोडून. त्या दुपारी मशिन बंद असताना तिच्या ओठांवर आलं:

साऱ्या गावाचं घेतलं माप, फीत खांद्यावर झुले,
माझं माप घ्यायाला गं, कुणी अजून नाही आले.

अर्ज पूर्ण झाला होता. जे शिकायचं होतं ते शिकून झालं होतं. आता नुसता बंद करायचा. कागदी नमुना अंगात घालून कुणी बाहेर पडत नाही, तो घडी करून ठेवतात. शेवटच्या पानावर एक हिरवं बटण होतं, पाठवा. तिनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. कापडी बाईकडे पाहिलं. तिला डोकं नसल्यामुळे ती साक्षीला येणार नव्हती.

तिनं बटण दाबलं.

मग तिनं बँकेतल्या साहेबांच्या पँटीला अशी इस्त्री मारली की त्या घडीनं पाव कापता आला असता.

दुसऱ्या दिवशी टाचणीचा खरा अर्ज अर्ध्या तासात भरून झाला. "फोटो आधी लहान कर," "तारीख उलटी लिही," आई पाठीमागून सांगत होती आणि लेक थक्क होऊन ऐकत होती. "आई, तू हे सगळं आधी बघून ठेवलंस?" "बघून ठेवलं," ती म्हणाली. एवढं खरं होतं.

पत्रं दुकानाच्या मेलवर यायची होती. आधी आलं ते आईचं.

तिनं ते कपडे घालून बघायच्या पडद्याआड, फोनवर, उभ्यानं वाचलं. मग पडद्याआडच्या आरशात पाहिलं. इतकी वर्षं त्या आरशात इतर लोक स्वतःला वळून वळून बघत आले होते आणि ही गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून त्यांचे काठ नीट करत होती. आज आरशात ती एकटी होती आणि तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी बोलता येत नव्हतं.

कुणाला आणि काय सांगणार? लेकीचं अजून काहीच आलेलं नाही. लेकीच्या आधी आईला प्रवेश मिळाला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पत्रात लिहिलं होतं, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार किंवा नकार कळवावा. शनिवारला अजून दहा दिवस होते. तिनं पत्र होतं तिथेच ठेवलं, चेनच्या आणि अस्तराच्या बिलांच्या मधे.

सहा दिवसांनी टाचणीचं पत्र आलं. त्याच कॉलेजातून. प्राणिशास्त्र. टाचणीनं दुकानभर उड्या मारल्या, कापडी बाईला मिठी मारली, तिचा अर्धवट कोट उसवला. लिफ्टवाला सातव्या मजल्यावरून जिन्यानं धावत उतरला, कारण लिफ्ट त्यानंच उघडून ठेवली होती. आईनं लेकीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि हात आपसूक कॉलरवर गेला, एक बाजू आत दुमडली होती ती सरळ करायला.

"सगळ्यात भारी काय माहितेय बाबा?" टाचणी धापा टाकत म्हणाली. "तिथे हॉस्टेल आहे. चार वर्षं कुणी माझी कॉलर सरळ करणार नाही."

तिघंही हसले. आईनं हात मागे घेतला आणि खडू शोधायला लागली. खडू तिच्या कानावरच होता.

त्या गल्लीत यंदा तिघांना प्रवेश मिळाला होता. एक टाचणी. दुसरा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा, जो तोंड उघडलं की आई दात बघेल या भीतीनं लहानपणापासून कमी बोलायचा. तिसरी समोरच्या बेकरीवाल्यांची मुलगी, जिला पूल बांधायला शिकायचं होतं. आनंद तिन्ही घरांत मावेना म्हणून डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की एकत्र साजरा करू. डॉक्टरीणबाई सगळ्यांशी असं बोलत, जणू समोरच्याचं तोंड आ वासलेलं आहे आणि तो उत्तर देऊ शकत नाही. "शनिवारी. चार वाजता. मास्तरीणबाईंच्या दुकानात. टेबल मोठं आहे. ठरलं."

"शनिवारी?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"का, काही अडचण? नाही ना. छान."

शनिवारी चार वाजता दुकानाच्या दारावर "आज बंद" ची पाटी लागली. कापडाचे तागे भिंतीशी उभे केले, टेबलावर पांढरी चादर टाकली. बेकरीवाल्यांनी केक आणला होता, एकावर एक रचलेल्या तीन पुस्तकांचा. रस्ता ओलांडताना वरचं पुस्तक थोडं घसरलं होतं.

"वाचता वाचता झोप लागलीय त्याला," लिफ्टवाला म्हणाला.

"तुमच्या लिफ्टपेक्षा सरळ आहे," बेकरीवाले म्हणाले. "तुमची तर दोन मजल्यांच्या मधे थांबते."

"ती थांबत नाही, विचार करते."

मास्तरीणबाई केक कापायला पुढे झाल्या. खांद्यावरची फीत काढून त्यांनी केकची लांबी घेतली, आठानं भागली, आणि सुरीच्या टोकानं साखरेवर बारीक खुणा केल्या.

"वहिनी, अहो, खायचाय तो," बेकरीवाले कळवळून म्हणाले.

"नंतर कमीजास्त झालं की तुम्हीच तोंड वाकडं करता."

खुणा करताना तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. साडेचार. होकार कळवलेला नव्हता आणि नकारही. रोज सकाळी ती दुकान उघडायची तेव्हा वाटायचं, नकार कळवून टाकू, दोन मिनिटांचं काम. आणि रोज दुसरं काहीतरी आधी करायचं निघायचं. आता दीड तास उरला होता, आणि काही केलं नाही तरी सहा वाजता ते आपोआप मिटणार होतं. तसं मिटलं तर कुणालाच काही सांगावं लागणार नव्हतं. हे तिला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"आता पत्रवाचन," डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं. "प्रत्येकाच्या आईनं किंवा वडलांनी आपल्या मुलाचं पत्र मोठ्यानं वाचायचं. पूर्ण."

"नको ना काकू," टाचणी म्हणाली.

"प्लीज नको," बेकरीवाल्यांची, पुलांची मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या मुलानं ताग्यांच्या मागे जागा आहे का ते पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलाचं पत्र वाचलं, टाळ्यांसाठी चार ठिकाणी थांबल्या, आणि एका ठिकाणी टाळ्या आल्या नाहीत तेव्हा ते वाक्य परत वाचलं. बेकरीवाले वाचायला उभे राहिले आणि "कळवण्यास आनंद होतो" इथेच अडकले. त्यांनी ॲप्रननं डोळे पुसले, ॲप्रनचं पीठ डोळ्यांत गेलं, मग ते खरोखरच रडायला लागले, आणि उरलेलं पत्र त्यांच्या मुलीनंच वाचलं, एका दमात, पाढ्यासारखं.

"आता आपलं," लिफ्टवाला म्हणाला. त्यानं संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला. "कॉलेजचं पत्र... हे काय, सापडलं."

केकवरच्या सातव्या खुणेपाशी मास्तरीणबाईंची सुरी थांबली. "अहो, चष्मा घाला आधी."

"वर राहिला. दिसतंय मला." तो मान लांब मागे नेऊन, वर अडकलेल्या लिफ्टकडे बघावं तसं बघत वाचू लागला. "प्रिय विद्यार्थिनी. आपली निवड झाल्याचे कळवताना आम्हाला विशेष आनंद होत आहे. ऐकलंत? विशेष. तुमच्या कुणाच्या पत्रात विशेष नव्हतं."

"पुढे वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आपला निबंध निवड समितीने दोनदा वाचला. दोनदा. आणि एका सदस्याने तो घरी नेला. बाहीचा वक्र आणि काखेचा घेर यांविषयी आपण विचारलेल्या प्रश्नाने..."

"बाबा," टाचणी म्हणाली, "मी बाहीबद्दल नाही लिहिलं. मी बेडकांबद्दल लिहिलंय."

"बेडकाला कुठली आलीय बाही?" बेकरीवाल्यांनी डोळे चोळत विचारलं.

"मला मधेमधे तोडू नका. आपला सव्वीस वर्षांचा कामाचा अनुभव लक्षात घेता..."

आता तो स्वतःच थांबला.

"सतरा वर्षांची मुलगी," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "आणि सव्वीस वर्षांचा अनुभव."

टाचणीनं पुढे होऊन पडद्यावरचं नाव वाचलं. मग तिनं वळून आईकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. आई केकशेजारी उभी होती, एका हातात सुरी, एका हातात फीत, आणि फितीच्या टोकाला साखर लागली होती.

"सरावाचा होता तो," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. "हिचा अर्ज भरायच्या आधी मी एक कच्चा अर्ज भरून बघितला. माझ्या नावानं. आणि तो चुकून गेला."

दुकानात जो हशा उठला त्यानं कापडी बाईसुद्धा हलली. बेकरीवाल्यांनी टेबलाचा आधार घेतला. डॉक्टरीणबाई हसताना त्यांचे सगळे दात दिसले, आणि ते इतके सुंदर असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. कमी बोलणारा मुलगा ताग्यांच्या मागे बसून हसत होता.

"अहो, ही माझी बायको," लिफ्टवाला डोळे पुसत म्हणाला. "फ्रिजचं सांगितलं का तुम्हाला? पुठ्ठ्याचा फ्रिज?"

"सात वेळा," बेकरीवाले म्हणाले. "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं. हसू उतरत आलं होतं ते पुन्हा वर चढलं. मास्तरीणबाईही हसल्या. हसणं भाग होतं, गोष्ट हसण्यासारखीच होती, आणि त्या चांगल्या हसतात असं सगळे म्हणत. पण आत कुठेतरी, शिवणीत सुई राहून जावी तसं, प्रत्येक हसण्याला काहीतरी रुतत होतं. सगळ्यांना कळलं होतं, आणि तरीही कुणालाच काही कळलं नव्हतं.

एकटी टाचणी हसत नव्हती. "म्हणजे माझ्याच कॉलेजात?" ती म्हणाली.

"तुझ्या डब्याची काळजी मिटली," पुलांची मुलगी म्हणाली.

"बाकावर शेजारी बसतील तुझ्या. सरळ बस म्हणतील," ताग्यांमागून आवाज आला. तो मुलगा दिवसभरात पहिल्यांदा बोलला होता आणि नेमकं हेच बोलला.

"गप रे." टाचणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण नकार कळवलात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता त्या खऱ्याच डॉक्टरीणबाई झाल्या होत्या. "एखाद्या मुलाची जागा अडून बसली असेल हो. उगाच कुणाचं नुकसान नको."

"सहापर्यंत मुदत आहे," लिफ्टवाल्यानं पुन्हा मान मागे नेऊन वाचलं. "आज सहा."

घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. केकवर सहा खुणा झाल्या होत्या आणि सातवी राहिली होती.

"आण, मी करते," टाचणी म्हणाली. "आईला बटण सापडणार नाही." ती संगणकासमोर बसली. आपल्या बोटांत केवढा वेग आहे हे मुलांना माहीत नसतं. ज्याला एका बोटानं अक्षरं शोधत दोन तास लागले होते ते तिनं निमिषात वर सारत नेलं. "नकार कुठे असतो? आधी अर्ज दाखवतोय. नाव, पत्ता, गुण... आई, गणितात एवढे होते तुला?"

"होते."

"एवढे?"

"दाखवत बसू नकोस. पुढे जा."

पण टाचणी पुढे गेली नाही. निबंध आला होता. ती वाचायला लागली, आधी मनात, मग ओठ हलले, आणि मग तिच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या पुलांच्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"कापड सपाट असतं आणि माणूस गोल. सपाटाचं गोल करताना कापड कुठेतरी दुमडावं लागतं, कुठेतरी कापून टाकावं लागतं. किती आणि कुठे, हे माझ्या हाताला माहीत आहे. हाताला ते कसं कळतं हे मला माहीत नाही. बाहीचा वरचा वक्र काखेच्या घेरापेक्षा थोडा लांब ठेवावा लागतो, नाहीतर हात वर होत नाही. थोडा म्हणजे किती आणि तेवढाच का, हे मी तीन मास्तरांना विचारलं. तिघांनी सांगितलं, असंच असतं. मला एवढं उत्तर पुरत नाही."

तिनं मान वर केली. "बाबा, हे खरंय. वाकलेल्या वस्तू मोजायला वेगळंच गणित लागतं. आम्हाला तिसऱ्या वर्षाला आहे."

बेकरीवाले पावावर हात ठेवावा तसा टेबलावर हात ठेवून उभे होते. "मलापण कुणीतरी सांगितलं होतं, असंच असतं," ते म्हणाले. "कणीक का फुगते विचारलं तेव्हा." 

लिफ्टवाल्यानं बायकोकडे पाहिलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबावी तसा त्याचा चेहरा हसता हसता थांबला होता. "हे तू कधी लिहिलंस?"

"दुपारी. बँकेतल्या साहेबांची पँट होती तेव्हा."

"मला म्हणाली नाहीस कधी."

"काय म्हणणार?" ती फीत गुंडाळत म्हणाली. "तुम्हाला फ्रिजचं सांगायचं असतं."

त्याला यावर विनोद सुचला नाही. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि सगळ्यांना ते जाणवलं.

"बरं, ते सगळं छानच आहे," डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, जरा मऊ आवाजात, जसा त्या सुई टोचायच्या आधी काढत. "पण आता काय करायचं ते करा. सहाला पाच कमी आहेत. दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. माझे तीन पडदे आहेत. निबंध काय, जपून ठेवता येईल."

पडद्यावर शेजारी शेजारी दोन बटणं होती. स्वीकार. नकार. टाचणीचा हात त्यांच्यावर येऊन थांबला. तिनं खुर्ची वळवली आणि आईकडे पाहिलं, कॉलरकडे जाणाऱ्या हाताकडे बघायची तसं नाही, जरा खालून वर, लहानपणी चुकीचं उत्तर लिहून झाल्यावर बघायची तसं.

"आई," ती म्हणाली, "चुकूनच गेला ना तो अर्ज?"

हे विचारायची गरज नव्हती. सगळ्यांना सांगून झालं होतं, सगळे हसून झाले होते. मान हलवली असती तरी पुरलं असतं. लेकीला हॉस्टेल मिळालं असतं, मोकळी हवा मिळाली असती, दुकान उद्या सकाळी उघडलं असतं, आणि येत्या प्रत्येक लिफ्टमध्ये एक नवा किस्सा वर-खाली करत राहिला असता. मास्तरीणबाईंनी फीत टेबलावर ठेवली. सुरी ठेवली. हात मोकळे केले.

"नाही," त्या म्हणाल्या.



"चुकून नाही गेला. भरून झाला होता, नुसता बंद करायचा होता. दुकानात कुणी नव्हतं. मी दाबलं." त्यांनी एक श्वास घेतला, आणि एकदा दोरा ओढल्यावर अख्खी कच्ची शिलाई सुटत जावी तसं बाकीचं आपणहून आलं. "मला जायचंय. सकाळी आठ ते एक असतं, दुकान दोनला उघडता येतं. तुमचे पडदे बुधवारी देईन, डॉक्टरीणबाई. आणि तू घाबरू नकोस गं. तुझे बेडूक पुढच्या इमारतीत आहेत, तळमजल्यावर. गणित मागे आहे, तिसऱ्या मजल्यावर, मधे मोठं मैदान आहे, तुला दिसणारसुद्धा नाही मी. बघून आलेय ना. दोनदा. अस्तर आणायला जाते म्हणून गेले होते ते तिथेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा एक तास चालू होता, दार उघडं होतं, मी जाऊन मागच्या बाकावर बसले. तासभर बसले. कुणी उठवलं नाही मला."